आयटी धोरण लिहायला बसण्याआधी स्टोअर्समध्ये जा

प्रश्न थोडक्यात असा: भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे मशीन केलेले सुटे भाग बनवणारी कंपनी. तीन प्लांट, उलाढाल १८० कोटी. हिशेब टॅलीत, प्लॅनिंग एक्सेलमध्ये, स्टोअर्स एका जुन्या फॉक्सप्रो प्रोग्रॅमवर. तो लिहिणारे गृहस्थ निवृत्त झालेत आणि जूनमध्ये मुलाकडे कॅनडाला निघालेत. आयटीत दोन माणसं, विचारणारे त्यांतलेच एक. मालकांची मुलगी शिकून परत आली आहे. या मॅडमना सहा आठवड्यांत तीन वर्षांचं आयटी धोरण हवंय, हाताशी २ कोटी आहेत आणि एका सल्लागार कंपनीने १४० स्लाइड देऊन ठेवल्यात. ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) कुठली घ्यावी, क्लाउडवर जावं का, एआयचं काय करावं?

मी १९९७ मध्ये पिंपरीच्या एका कारखान्यात ईडीपी, म्हणजे तेव्हाच्या संगणक खात्यात लागलो. आमच्याकडे एसी होता म्हणून जेवणाच्या सुट्टीत अर्धा कारखाना आमच्याकडे टेकायला यायचा. बाकी कोणाचं आमच्यावाचून काही अडत नव्हतं. त्यानंतर चार कंपन्यांत पाच ईआरपी बसवल्या. त्यातल्या दोन फसल्या, आणि फसलेल्या दोन्हींत सॉफ्टवेअर चांगलंच होतं. त्यामुळे कुठलं सॉफ्टवेअर, याचं उत्तर मी इथे देणार नाही. तुमच्या आकाराच्या कंपनीला पुरेशी पडेल अशी चार-पाच तरी आहेत. तुमची खरी अडचण वेगळी आहे: काही निर्णय मालकांनी घ्यायचे असतात, ते त्यांनी घेतलेले नाहीत, आणि 'धोरण लिहा' म्हणून ते आता तुमच्या टेबलावर येऊन पडलेत. तुम्ही ते घेऊ शकत नाही. सल्लागार तर नाहीच नाही.

पहिला आठवडा स्लाइड बाजूला ठेवा आणि स्टोअर्समध्ये बसा. आयटम मास्टरची, म्हणजे प्रत्येक वस्तूचा कोड आणि वर्णन असलेल्या मूळ यादीची, प्रिंट काढा. माझ्या एका जुन्या कंपनीत हेक्स बोल्ट, १० बाय ४०, हा एकच बोल्ट सात कोडखाली सापडला होता. 'हेक्स बोल्ट १०×४०', 'बोल्ट हेक्स एम १० ४० लांब', 'एम-१० बोल्ट', असं करत सातव्याचं वर्णन होतं 'पाटीलसाहेब सांगतात तो'. पाटीलसाहेब सहा वर्षांपूर्वीच रिटायर झाले होते. गंमत म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही. एका कोडखाली स्टॉक शून्य दिसायचा म्हणून खरेदीवाले नवी ऑर्डर टाकायचे, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोडखाली दोन पेट्या रॅकवर धूळ खात असायच्या. बारा मीटरच्या बारचं (सळईचं) तर याहून वाईट: खरेदी किलोत, स्टोअर्स नगात, शॉप (मशीनवर काम चालतं तो भाग) मिलिमीटरमध्ये, आणि तिन्हींतलं रूपांतर एका क्लार्कच्या डोक्यात.

नवी ईआरपी हे सगळं सुधारेल असं विक्रेता सांगेल. ती हाच घोळ फक्त जास्त वेगाने करते. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीने २०१३ मध्ये कॅनडात पाऊल टाकलं, तेव्हा जुन्या घरच्या प्रणालीऐवजी सॅप ही ईआरपी नव्याने बसवली. मालाची माहिती घाईघाईत हाताने भरली गेली: इंच की सेंटिमीटर याचा घोळ, खोक्याची लांबी रुंदीच्या जागी, काही रकाने नुसतेच रिकामे. अमेरिकेत त्यांची माहिती ९८-९९ टक्के अचूक असायची, कॅनडात ती ३० टक्क्यांच्या आसपास निघाली असं नंतर छापून आलं. गोदामं भरून वाहत होती आणि दुकानातली कपाटं रिकामी. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी १३३ दुकानं बंद करून गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. इतर चुकाही होत्या त्यांच्या, पण मूळ दुखणं आयटम मास्टरचं.

आता हा मास्टर कोणाचा? आयटीचा नाही, हे आधी ठरवून घ्या. बोल्टचे सात कोड एक करायचे तर डिझाइन, खरेदी, स्टोअर्स आणि हिशेब या चौघांना आपापली सवय मोडावी लागते, आणि ती मोडायला लावण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही. मॅडमना सांगा: एक माणूस नेमा, शक्यतो प्लॅनिंगमधला, स्टोअर्स आणि शॉप दोन्ही पाहिलेला. नवा कोड उघडायचा तर त्याचीच सही. त्याला निदान सहा महिने रोजच्या कामातून पूर्ण मोकळा करा. 'अर्धा वेळ देईल' असं कोणी म्हणालं तर तो वेळ देणार नाही, हे गृहीत धरा. चांगला माणूस सोडायला प्लांट हेड तयार होत नाही, आणि जो सहज सोडला जातो तो कामाचा नसतो. माझ्या दोन फसलेल्या प्रकल्पांपैकी पहिला इथेच बुडाला.

मास्टरनंतर जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाचा, स्टॉक. तुमचा माल हीट ट्रीटमेंटला जातो, प्लेटिंगला जातो, ग्राइंडिंगला जातो. डिलिव्हरी चलनावर जातो आणि तुकड्यातुकड्याने परत येतो. कुठल्या चलनातले किती नग कुठे पडलेत, याचं उत्तर बहुतेक कंपन्यांत एका रजिस्टरमध्ये आणि एका माणसाच्या फोनमध्ये असतं. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार असा कच्चा माल एक वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं. कर आणि व्याज दोन्ही मागे लागतात. डेमोमध्ये विक्रेता रंगीत डॅशबोर्ड दाखवील. त्याला म्हणा, ५०० नग पाठवले, ३२० आले, १२ रिजेक्ट, ८ हरवले, आणि उरलेले परस्पर दुसऱ्या जॉबवर्करकडे गेले. हे आत्ता माझ्यासमोर करून दाखव. निम्मे विक्रेते इथेच 'कस्टमायझेशनमध्ये करू' म्हणतात. ते वाक्य वहीत तारखेसह लिहून ठेवा.

कस्टमायझेशन, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीप्रमाणे बदलून घेणं, हा दुसरा मोठा निर्णय, आणि तोही मालकांचाच. लिडल या जर्मन दुकानसाखळीने सात वर्षं आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये सॅपचा प्रकल्प सोडून दिला. गाजलेलं कारण असं की त्यांचा साठा खरेदीच्या किमतीने मोजला जायचा, प्रणाली विक्रीच्या किमतीने मोजायची, आणि लिडलला आपली पद्धत बदलायची नव्हती. म्हणून प्रणालीच वाकवत गेले. पद्धत बदला असं कंपनीला कोण सांगणार? प्रकल्प व्यवस्थापक नाही सांगू शकत.

माझा निकष साधा आहे: ज्या वेगळेपणासाठी ग्राहक तुम्हाला पैसे देतो, तेवढंच जपा. गाडी कंपनीचं शेड्यूल सकाळी बदललं तरी दुपारच्या गाडीत बदललेला माल चढवता, म्हणून तुम्हाला धंदा मिळत असेल, तर ते प्रणालीत वेगळं बसवा आणि त्यासाठी मोजा. पण रजेचा अर्ज, खरेदीची मंजुरी, जीआरएनचा (माल आल्याच्या नोंदीचा) फॉर्म यात 'आमच्याकडे असंच चालतं' हे ऐकून घेऊ नका. एका कंपनीत जीआरएनच्या सात प्रती निघायच्या. चौथी कोणासाठी, ते कोणालाच माहीत नव्हतं. तरी नव्या प्रणालीत सातही हव्या होत्या.

आता ज्या विषयाला १४० स्लाइडमध्ये बहुधा एक स्लाइड असेल, तो: प्रणाली बंद पडणं आणि बॅकअप. मालकांना विचारा, प्रणाली बंद पडली तर किती तास चालेल? 'अजिबात चालणार नाही' असं उत्तर येईल. मग आकडे मांडा. १८० कोटी भागिले ३०० दिवस म्हणजे रोजचे ६० लाख. तीन पाळ्या धरल्या तर तासाला अडीच लाखांचा माल. आता तुमचा बॅकअप. ड्रॉइंग, कॅमच्या (मशीनचे प्रोग्रॅम बनवण्याच्या) फाइल, स्कॅन केलेली कागदपत्रं असा ४ टेराबाइट डेटा 'क्लाउडवर सुरक्षित' आहे असं समजा, आणि तुमची लाइन १०० एमबीपीएसची आहे. पूर्ण वेगाने, मध्ये एकदाही न तुटता उतरवायला सुमारे ८९ तास लागतात. जवळजवळ पावणेचार दिवस, म्हणजे सव्वादोन कोटींची उलाढाल अडकली. सगळी बुडते असं नाही, काही पुढे सरकते. पण गाडी कंपनीची लाइन तुमच्यामुळे थांबली तर त्याचं बिल वेगळं येतं. हा हिशोब एका कागदावर मांडून दिलात की प्लांटमध्येच एक वेगळी, नेटवर्कपासून तोडलेली प्रत ठेवायचे पैसे त्याच दिवशी मंजूर होतात. मी तीनदा करून घेतलेत.

तोडलेली प्रत का, यासाठी मर्स्क या जहाज कंपनीची हकिगत मालकांना सांगा. २७ जून २०१७. युक्रेनमध्ये कराच्या हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस सुटला आणि ओडेसातल्या कार्यालयामार्गे मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला. त्यांच्याच समूहाकडे असलेलं आपल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही अडकलं, कंटेनर तुंबले. कोण कर्मचारी आणि कोणाला कुठे प्रवेश, याची नोंद ठेवणारे जवळपास दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची प्रत राखायचे, त्यामुळे वेगळा बॅकअप लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. सगळे एकदम पुसले गेले. वाचला एकच, घानामधला, कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती. तिथली लाइन इतकी मंद की डेटा इंग्लंडला पाठवता येईना, आणि तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला आणि तिथून दुसऱ्याने ती लंडनला नेली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत पुन्हा उभे केले, असं त्यांच्या अध्यक्षांनी नंतर दावोसला सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. एवढ्या मोठ्या कंपनीला लोडशेडिंगने वाचवलं!

आणि हो, ते सॉफ्टवेअर कराच्या हिशेबाचं होतं. आपल्या प्रत्येक कारखान्यात अशी दोन-तीन असतात, त्यांचे अपडेट कोणीतरी डोळे मिटून दाबत असतं.

याच विषयातलं एक कायद्याचं कलम कागदावर घ्या. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (प्रणालीतल्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. सहा तास म्हणजे रात्रपाळीत दोनला लक्षात आलं तर सकाळी आठच्या आत. फोन कोण करणार, कोणाला विचारून करणार, मालक परदेशात असले तर काय? तुम्ही दोघंच आहात आणि एक जण गावी गेलेला असू शकतो. हे ठरवायला एक पैसा लागत नाही, तरी मी पाहिलेल्या बहुतेक कंपन्यांत ते ठरलेलं नव्हतं.

शॉप फ्लोअरचे पीसी मोजलेत का? सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनला) जोडलेला, विंडोज सेव्हन किंवा त्याहून जुना, पेन ड्राइव्हने प्रोग्रॅम घेणारा, वरून कूलंटचे शिंतोडे उडालेला. विंडोज १० चाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. हे बदला असं म्हणणं सोपं आहे, पण मशीनवाला नव्या विंडोजवर हमी देत नाही आणि मशीन अजून दहा वर्षं चालणार आहे. म्हणून बदलू नका, वेगळे करा: त्यांचं नेटवर्क ऑफिसपासून तोडा, इंटरनेट बंद ठेवा, प्रोग्रॅम एकाच ठरलेल्या पीसीवरून जाऊ द्या आणि पेन ड्राइव्ह त्या एका जागीच तपासून घ्या. स्विच आणि वायरिंग धरून हा खर्च ईआरपीच्या मानाने किरकोळ आहे, आणि ईआरपीच्या आधी करण्यासारखा आहे. मशीन लावून देणारे सेटर लोक कुरकुर करतील. त्यांना आधी विश्वासात घेतलं नाहीत तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडलेला सापडेल.

पैशांचं बोलू. २ कोटी तीन वर्षांत संपतात, प्रणाली पंधरा वर्षं राहते. माझा ठोकताळा असा, आणि तो निव्वळ माझा आहे: लायसन्सला १ रुपया लागला तर बसवायला दीड ते दोन, आणि दरवर्षी चालवायला त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा. स्लाइडमध्ये चौथ्या वर्षाचा रकाना आहे का, ते बघा. नसला तर मागा. भाड्याने घ्या किंवा विकत, दर बदलण्याची चावी समोरच्याकडे असतेच. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमची लायसन्स विकणं बंद केलं. जगभरच्या आयटीवाल्यांची बजेटं त्या एका निर्णयाने कोलमडली. करारात दोन गोष्टी लिहून घ्या: सोडायचं ठरलं तर आमचा डेटा आम्हाला वाचता येईल अशा रूपात किती दिवसांत मिळेल, आणि दरवाढीची कमाल मर्यादा. क्लाउडबद्दल एवढंच: ईआरपी आणि मेल खुशाल क्लाउडवर टाका, दोन माणसांनी सर्व्हर रूम सांभाळत बसण्यात अर्थ नाही. पण गेट एन्ट्री आणि डिस्पॅच नेट गेल्यावरही दोन-तीन तास चालले पाहिजेत. ई-इनव्हॉइसला नेट लागतंच, म्हणून वेगळ्या कंपनीची दुसरी लाइन घ्या, आणि ती खरंच वेगळ्या खांबावरून येते का ते स्वतः चालत जाऊन बघा. माझ्या दोन्ही 'वेगळ्या' लाइन एकाच जेसीबीने एका सकाळी तोडल्या होत्या.

हिशेबाच्या बाजूला एक तपासणी लगेच करा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, आणि ती बंद करता येता कामा नये. टॅलीत ती चालू असेल; पण वर्षअखेरीचा साठा एक्सेलमधून येत असेल तर ऑडिटर बोट तिकडेच ठेवणार. मॅडमना ईआरपीची निकड पटवायची असेल, तर स्पर्धकांच्या गोष्टींपेक्षा हा मुद्दा जास्त चालतो.

गो-लाइव्ह, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष चालू करणं, कधी? माझ्या एका प्रकल्पात मुंबईच्या सल्लागारांनी कटओव्हरला (जुन्यावरून नव्यावर जायला) शनिवार-रविवार धरला होता. पिंपरी-भोसरीत आठवडी सुट्टी गुरुवारी, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. रविवारी तीनही पाळ्या चालू, माल आत येतोय, बाहेर जातोय, आणि आम्ही फिजिकल स्टॉक मोजतोय. पुढचे तीन महिने तो फरक निस्तरत होतो. माझा दुसरा फसलेला प्रकल्प हाच. गाडी कंपनीच्या वार्षिक शटडाउनचा आठवडा गाठा. मार्च, गणपती आणि दिवाळीआधीचा महिना सोडा. हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये, ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाच्या ऑर्डरी ऐन भरात येत असताना, नवी प्रणाली चालू केली होती. १० कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी पाठवता आल्या नाहीत, आणि चॉकलेट गोदामात पडून होतं.

तिन्ही प्लांट एकदम करू नका. सर्वांत छोटा आधी घ्या, पण जिथला प्लांट हेड कटकट्या आहे असा. गोड बोलणाऱ्याच्या प्लांटमध्ये चुका दडून राहतात.

एआय सध्या बाजूला ठेवलंत तरी चालेल. ग्राहकांच्या पीडीएफ ऑर्डरी वाचून नोंदी करायला त्याचा उपयोग आहे, तो करून बघा. मात्र क्वालिटीतला किंवा डिझाइनमधला कोणी ग्राहकाचं ड्रॉइंग फुकटच्या एआयला खायला घालत नाहीये ना, हे याच आठवड्यात पाहा. गोपनीयतेचा करार तुमच्या मालकांनी सही केलेला असतो, त्या मुलाला तो माहीतही नसतो.

तर सहा आठवड्यांनी द्यायचं काय? दोन पानं. पहिल्यावर मालकांनी घ्यायचे निर्णय, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख: मास्टर कोणाचा, कुठल्या पद्धती बदलायच्या आणि कुठल्या जपायच्या, किती तासांचं बंद सोसायचं आणि त्यासाठी किती मोजायचं, प्लांटमधून कोण सुटणार. दुसऱ्यावर क्रम: आधी बॅकअप आणि शॉपचं नेटवर्क, मग मास्टरची सफाई, ती संपत आली की विक्रेत्यांचे डेमो, आणि पुढच्या वर्षाच्या शटडाउनला पहिला प्लांट. मॅडमना दोन पानं कमी वाटतील. १४० स्लाइड सोबत जोडून द्या, कोणी वाचणार नाही. मॅडमवर मात्र चिडू नका. घरातल्या माणसाला या विषयात रस असणं हे फार थोड्या आयटीवाल्यांच्या नशिबी येतं. प्लांट हेडकडून चांगला माणूस काढून घेणं त्यांनाच जमेल.

हे सगळं पुढचं. उद्या सकाळी पहिला फोन त्या फॉक्सप्रोवाल्या गृहस्थांना करा. सोर्स कोड बहुधा त्यांच्या घरच्या पीसीवर आहे, आणि तुमच्याकडे चालतोय तो नुसता एक्सई, म्हणजे चालवता येतो पण आत बदल करता येत नाहीत असा प्रोग्रॅम. त्यांना मानाने बोलवा, रोजचे योग्य पैसे द्या, दहा-बारा दिवस बसवून प्रत्येक टेबलमध्ये काय आहे ते लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर कोड पुन्हा कंपाइल करून तेच आकडे येतात का ते बघा. मास्टरच्या सफाईला हीच माहिती लागणार आहे. जूनमध्ये ते गेले की तुमच्या दुपारी बारा वाजता त्यांच्याकडे रात्र असेल.